शून्याच्या उजवीकडे

जुनी गाडी चार्जिंगची तक्रार घेऊन आली की बॉनेट उघडण्याआधी मी मालकाला बसवतो आणि विचारत सुटतो. रात्री चालवता का? गावातल्या गावात, की हायवेला काढता? एकदा काढली की किती वेळ चालते? सिग्नलला इंजिन बंद करता का? नवीन गिऱ्हाईक जरा बिचकतं. डायनामो दाखवायला आणलाय आणि हा मिस्त्री माझी दिनचर्या काय विचारतोय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. पण १९२०-३०च्या काळातल्या बहुतेक गाड्यांचा डायनामो या उत्तरांशिवाय लावता येत नाही. बॅटरीला किती चार्जिंग द्यायचं हे ठरवणारं काही त्या गाडीत बसवलेलंच नसतं. ते काम अर्धं मिस्त्रीचं आणि अर्धं चालवणाऱ्याचं.

मी हे शिकलो पुण्यात, नाना पेठेच्या आसपास, अॅम्बॅसिडर आणि फियाटच्या जमान्यात. त्या गाड्यांनाही डायनामोच असे, पण शेजारी रेग्युलेटरचा डबा असायचा. त्या अख्ख्या डब्याला आम्ही ‘कटाऊट’ म्हणायचो. चार्जिंग जास्त होतंय, डब्याचा पत्रा जरा वाकव. कमी होतंय, उलटा वाकव. माझ्या उस्तादांना या डब्याबद्दल फारसा आदर नव्हता. त्यांचं शिक्षण फोर्ड, शेवरोले आणि ऑस्टिनवर झालेलं. त्या गाड्या तेव्हा मुंबईत जागोजागी असत. जनरल मोटर्सनं तर १९२८मध्ये शिवडीलाच गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. डब्याची गाडी कुणीही करेल, तीन ब्रशांची करून दाखव, असं ते म्हणत. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा आपल्या तरुणपणाची बढाई मारतोय. पुढे हौशी लोकांच्या व्हिंटेज गाड्या हातात यायला लागल्या, तेव्हा कळलं की ते अगदी नेमकं बोलत होते.

तीन ब्रशांचा डायनामो म्हणजे काय, ते आधी सांगतो. साध्या डायनामोला दोन ब्रश पुरतात. आर्मेचर फील्डच्या चुंबकत्वात फिरतं, कॉम्युटेटरवरून दोन कार्बन ब्रश करंट उचलतात. अडचण एवढीच की इंजिनाचा वेग सारखा बदलतो. वेग दुप्पट झाला की व्होल्टेजही वाढत जातं, त्यानं फील्डला जास्त करंट मिळतो, त्यानं व्होल्टेज आणखी वाढतं. आवरलं नाही तर दिवे जातात, बॅटरी उकळते, शेवटी आर्मेचर जळतं. यावर काढलेली युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते. फील्डची एक बाजू मुख्य ब्रशला न जोडता मधल्या एका तिसऱ्या, बारीक ब्रशला जोडायची. आर्मेचरमधून करंट वाहायला लागला की त्याचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते मूळ फील्डला फिरण्याच्या दिशेनं ओढून तिरकं करतं. तिसरा ब्रश ज्या पट्ट्यातून फील्डसाठी करंट घेतो, नेमका तोच पट्टा त्यामुळे कमजोर पडतो. म्हणजे डायनामो जितका जोर करेल तितका त्याचा स्वतःचाच खुराक तुटतो. ना स्प्रिंग, ना कॉन्टॅक्ट, ना काही हलणारा भाग. फक्त एक जादा ब्रश आणि तो थोडा इकडेतिकडे सरकवण्याची सोय.

त्यामुळे या डायनामोची चाल ठरलेली. गाडी ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वर गेली की चार्जिंग सुरू होतं, चाळिशीच्या आसपास पूर्ण भरात येतं आणि त्यापुढे वेग वाढवला तर चक्क थोडं उतरतं. ब्रश आर्मेचरच्या फिरण्याच्या दिशेनं सरकवला की भरातला आकडा वाढतो, उलट सरकवला की कमी होतो. पण जो आकडा लावाल तो लावाल. बॅटरी रिकामी आहे का भरलेली, याच्याशी डायनामोला काही देणंघेणं नाही. भुकेल्यालाही तेवढंच वाढणार आणि पोट फुटायला आलेल्यालाही तेवढंच.

आता आकडे मांडून पाहू. सहा व्होल्टची गाडी, डायनामो दहा अँपिअरवर लावलेला. इंजिनाला कॉइल इग्निशन आहे, ती तीन अँपिअर खाते. दिवसा चालवताना उरलेले सात बॅटरीत जातात. रात्री हेडलाइट लावले. २४ वॉटचे दोन बल्ब म्हणजे आठ अँपिअर. मागचा लाल दिवा, डॅशबोर्डचा दिवा मिळून आणखी एक-दीड. एकूण खर्च साडेबारा, जमा दहा. दर तासाला अडीच अँपिअर-अवर बॅटरीतून जाणार. म्हणजे याच गाडीची बॅटरी दिवसा चालवली तर उतू जाणार आणि रात्री चालवली तर बसणार. दोन्हीला पुरेल असा ब्रशाचा एक मुक्कामच नाही. म्हणून ते प्रश्न.

सेल्फबद्दल मात्र लोकांचा मोठा गैरसमज असतो. सेल्फ मारला की हेडलाइट मंद होतात, ते दिसतं. म्हणून सगळ्यांना वाटतं की बॅटरी खाणारा राक्षस तोच. हिशोब केला तर तसं निघत नाही. सेल्फ दोनशे अँपिअर ओढतो हे खरं, पण पाच सेकंद. ती भरपाई सात अँपिअरनं दोन-अडीच मिनिटांत होते. नासधूस धरली तर चार मिनिटं म्हणा. याउलट घराबाहेर रात्रभर सुरू राहिलेले दोन पार्किंग लाइट बॅटरी पार झोपवतात. इंजिन दोन सेकंदांत उठत असेल तर सेल्फ कितीही वेळा मारा. उठत नसेल तर दोष कार्बोरेटरमध्ये किंवा टायमिंगमध्ये शोधावा, बॅटरीवर चिडू नये.

सेल्फचीही गंमत आहे. तो येण्याआधी हा सगळा प्रश्नच लहान होता. पहिल्या गाड्यांचे दिवे कार्बाइडचे, म्हणजे अॅसिटिलीन गॅसचे. सायकलला कार्बाइडचा कंदील लावून फिरलेली माणसं आपल्याकडेही होती. इग्निशन मॅग्नेटोवर, त्याला बॅटरी नको. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्येच होता आणि १९१५पासून हेडलाइटही त्याच मॅग्नेटोवर चालायचे. इंजिन जोरात तर उजेड जोरात. चौकात गाडी हळू झाली की दिवेही मंद. शिवाय दोन्ही बल्ब एकाच माळेत, एक गेला की दुसराही गेला. पण बॅटरीच नाही, तर जमा-खर्चाची कटकटही नाही.

मग चार्ल्स केटरिंग आले. ओहायोतल्या डेटनला कॅश रजिस्टरच्या कारखान्यात त्यांनी गल्ला उघडायला विजेची छोटी मोटर बसवून दिली होती. एवढीशी मोटर क्षणभर तिच्या ताकदीच्या कितीतरी पट काम करू शकते, सतत चालवली तरच जळते, हे त्यांनी तिथं पाहिलेलं. तीच गोष्ट त्यांनी इंजिन फिरवायला वापरली आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ, दिवे आणि इग्निशन अशी एकत्र विजेची व्यवस्था आली. हँडल मारताना मनगट मोडण्याची भीती गेली. पण सेल्फ आला म्हणजे मोठी बॅटरी आली, बॅटरी आली म्हणजे ती भरणारा डायनामो आला. आणि एवढी वीज घरात आहे म्हटल्यावर दिवे मोठे झाले, हॉर्न विजेचा झाला. पुढे १९१९पासून मॉडेल टीलाही सेल्फ मिळू लागला. त्याच ओघात तीन ब्रशांचा डायनामो सगळीकडे पसरला, कारण तो स्वस्त होता.

रेग्युलेटर माहीत नव्हता असं कुणी समजू नये. बॉश कंपनीनं १९१३ साली गाडीच्या दिव्यांचा जो संच विकायला काढला, त्यात डायनामो आणि बॅटरीबरोबर रेग्युलेटरही होता. पण सेकंदाला कित्येक वेळा उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट नीट बनवायला खर्च येतो, आणि लाखांनी विकायच्या गाडीत प्रत्येक नाण्याचा विचार होतो. बॅटरीवर नजर ठेवायला डॅशबोर्डवर अँपिअर मीटर दिला आणि बाकीचं माणसावर सोडलं. मला हा निर्णय पूर्ण चुकीचा वाटत नाही. त्या काळातला चालक स्वतः ऑइल बघायचा, ग्रीस भरायचा, इग्निशन हातानं पुढेमागे करायचा. त्यात एक काटा आणखी बघायचा.

हा काटा समजून घ्यावा लागतो. मध्ये शून्य, उजवीकडे चार्ज, डावीकडे डिस्चार्ज. लोकांना वाटतं तो डायनामोचा जोर दाखवतो. तो बॅटरीत काय जातंय किंवा बॅटरीतून काय निघतंय तेवढंच दाखवतो, आणि सेल्फची जाड केबल त्याच्यातून जातच नाही. रात्री सगळे दिवे लावून चाळिशीच्या वेगात काटा शून्यावर उभा असेल तर डायनामो उत्तम चाललाय. सगळा खर्च तो एकटा भागवतोय. मालक मात्र घाबरून फोन करतो, ‘मिस्त्री, चार्जिंग शून्य दाखवतंय!’ शून्याच्या एक-दोन अँपिअर उजवीकडे राहिला तर सोन्याहून पिवळं. आणि भर दिवसा काटा तासन्‌तास पंधरावर टेकलेला असेल तर आनंद मानायचं काही कारण नाही. मालक नवीन बॅटरीच्या दिशेनं निघालेला असतो.

ब्रिटिश गाड्यांत यावर एक उपाय असे. दिव्याच्या स्विचलाच चार्जिंगचे दोन टप्पे: उन्हाळ्यात अर्धं, हिवाळ्यात पूर्ण. अर्ध्या टप्प्यात फील्डच्या वाटेत एक रेझिस्टन्स घातला जाई. इंग्लंडात हे बरोबर बसतं. तिथं डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, जूनमध्ये रात्री नऊला उजेड असतो. थंडीत इंजिनही उठायला त्रास देतं. आपल्या पुण्यात लहानात लहान दिवस अकरा तासांचा, मोठ्यात मोठा सव्वातेराचा. त्या स्विचचा इंग्रजी अर्थ इथं लागूच होत नाही. उस्तादांनी त्याचा आपला अर्थ लावला होता: पावसाळ्यात पूर्ण, बाकी बारा महिने तेरा काळ अर्धं. पावसात ढगांमुळे दिवसाही दिवे लागतात, ओल धरून इंजिन लवकर उठत नाही, आणि हवा गार असल्यानं बॅटरी जास्त चार्जिंग सोसते. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या बॅटरीत तेवढाच करंट पाणी उडवतो. सहा व्होल्टच्या बॅटरीचे तीन सेल, प्रत्येक सेल २.४ व्होल्टच्या आसपास गेला की बुडबुडे सुटायला लागतात. पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन निघून जातो, प्लेटा उघड्या पडतात. आपल्याकडे अॅसिडही थंड देशापेक्षा थोडं हलकं भरतात. हायड्रोमीटरवर तिथं १.२८ म्हणजे भरलेली बॅटरी, इथं १.२५च्या आसपास दिसलं तरी ती पूर्ण भरलेली असू शकते. परदेशी पुस्तक वाचून आलेला मालक तेवढ्यावरून बॅटरी अर्धी आहे असं ठरवतो आणि ब्रश वाढवायला सांगतो.

पाण्यावरून आठवलं. उस्ताद पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देत, मग उघड्या अंगणात धुतलेली चादर चार खांबांना बांधून तिच्याखाली काचेची बरणी ठेवत. पत्र्यावरून ओघळलेलं पाणी त्यांना चालत नसे. ते पावसाचं पाणी वर्षभर बॅटऱ्यांना. डिस्टिल्ड वॉटरची बाटली कोपऱ्यावर मिळायला लागल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. मी करत नाही, पण त्या पाण्यानं कुठली बॅटरी बिघडल्याचंही पाहिलं नाही. नळाचं पाणी घालून वाट लावलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या.

कोथरूडचे एक निवृत्त प्राध्यापक माझ्याकडे येत. त्यांची फोर्ड मॉडेल ए, १९३०ची. गाडी त्यांनी जिवापाड जपलेली आणि ती सदैव दिवसाच चालायची. रात्री त्यांना नीट दिसत नसे. वाईला त्यांचं घर. सकाळी निघायचं, खंबाटकी चढायचा, दुपारच्या जेवणाला पोचायचं, दुसऱ्या दिवशी तसंच परत. दर काही महिन्यांनी बॅटरी जाई. या गाडीची बॅटरी चालकाच्या पायाखाली, फळीखाली असते. दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. फळी उचलली तेव्हा सगळं लख्ख समोर आलं. सेल कोरडे, टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी, खालचा पत्रा अॅसिडनं खाल्लेला. आधीच्या कुणीतरी ब्रश जोरात लावून दिला होता, बहुधा ‘चार्जिंग दणक्यात होतं’ हे दाखवण्यासाठी. मी ब्रश मागे घेतला आणि त्यांना सांगितलं, ‘सर, वाईला जाताना शिरवळ ओलांडलं की हेडलाइट लावायचे. काटा बघा, शून्याच्या जरा उजवीकडे येईल. तसाच राहू द्या.’

‘भर उन्हात?’

‘भर उन्हात.’

ही माझी कल्पना नव्हे. लांबच्या प्रवासात दिवसा दिवे लावून जादा चार्जिंग जिरवायचा सल्ला तीन ब्रशांच्या जमान्यातले जाणते लोक सर्रास देत. पण आपल्या रस्त्यावर भर उन्हात हेडलाइट लावून जाणं म्हणजे समोरच्या प्रत्येकाला कामाला लावणं. ट्रकवाले हात बाहेर काढून मूठ उघडझाप करतात, मोटरसायकलवाले दिवा चमकवतात, टपरीवरचा पोरगा ओरडतो, ‘काका, लाइट चालू!’ प्राध्यापक पहिल्यांदा प्रत्येकाला हात हलवून आभार मानत. नंतर त्यांनी मागच्या काचेला पाटीच लावली: दिवे मुद्दाम लावले आहेत. पुढून येणाऱ्यांना ती दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं का, मी विचारलं नाही. बॅटरी मात्र टिकली.

याच्या बरोबर उलटं प्रकरण वरातीच्या गाड्यांचं. हल्ली पुष्कळ जुन्या गाड्या लग्नाला भाड्यानं जातात आणि त्या धंद्यावरच जिवंत आहेत, त्यामुळे मी नाक मुरडत नाही. पण डायनामोच्या नजरेनं वरात म्हणजे सगळ्यात वाईट प्रवास. गाडी बँडच्या मागे पावलापावलानं चालणार. वेळ रात्रीची, म्हणून हेडलाइट हवेतच. नवरदेव दिसला पाहिजे म्हणून आत दिवा. फुलांच्या जाळीत बल्बांची माळ, तीही बॅटरीवरच टोचलेली. खर्च पंधरा अँपिअर. जमा शून्य, कारण डायनामो त्या चालीत चार्जिंगला लागतच नाही. कटाऊटचा कॉन्टॅक्ट उघडाच राहतो. तीन तासांत पंचेचाळीस अँपिअर-अवर गेले. ऐंशीची बॅटरी, तीही जुनी. मंडपापाशी फोटोसाठी इंजिन बंद केलं की पुन्हा उठत नाही. मग नवऱ्याचे मित्र धक्का मारतात आणि तो व्हिडिओ सगळीकडे फिरतो.

अशा एका गाडीचा मालक, तिशीतला मुलगा, मला म्हणाला, ‘मिस्त्री, ब्रश पूर्ण वाढवून द्या. पैशाचं बघू नका.’ मी दिला नाही. लोकांना हे पटकन पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्रश वाढवल्यानं चाळिशीच्या वेगातला आकडा वाढतो. पावलाच्या चालीत शून्याचं शून्यच राहतं. वरातीत त्याचा फायदा नाहीच. आणि वरात संपल्यावर हीच गाडी मोकळ्या रस्त्यानं घरी पळत जाईल, तेव्हा तो डायनामो वीस अँपिअर ओतेल. इतकं ओझं त्या आर्मेचरला सोसत नाही. ते तापतं, कॉम्युटेटरला तारा डाखलेल्या असतात तिथलं कथील वितळून उडतं, आणि कव्हर काढलं की आतल्या बाजूला चंदेरी थेंबांची रांग दिसते. ती रांग दिसली की आर्मेचर वायंडिंगला पाठवायचं, दुसरा इलाज नाही. त्या मुलाला मी डिकीत वेगळी बारा व्होल्टची बॅटरी ठेवायला लावली, माळ आणि आतला दिवा तिच्यावर. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर फक्त इग्निशन आणि पार्किंग. आदल्या रात्री दोन्ही बॅटऱ्या चार्जरवर. आणि हँडल. सीटखाली हँडल हवंच; ते मारायला मीच शिकवलं, अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवून, म्हणजे इंजिन उलटं फिरलं तर अंगठा वाचतो. आता मंडपापाशी तो मुद्दाम हँडलनंच गाडी उठवतो. पाहुणे त्याचेही फोटो काढतात.

कटाऊट हा शब्द आला आहे तर त्याच्याबद्दलही सांगायला हवं. तीन ब्रशांच्या गाडीत कटाऊट म्हणजे फक्त एक दार. डायनामोचं व्होल्टेज बॅटरीच्या वर गेलं की बंद होतं, करंट आत जातो. इंजिन मंदावलं आणि करंट उलटा वाहायला लागला की उघडतं. हे दार चिकटलं तर इंजिन बंद केल्यावर बॅटरी डायनामोलाच मोटर समजून फिरवू पाहते. पट्टा आणि इंजिन अडवून धरतात, तो फिरू शकत नाही, आणि बॅटरी गरम वासासकट त्याच्यात रिकामी होते. इंजिन बंद केल्यावर काटा डावीकडे टोकाला गेलेला दिसला तर विचार करत बसू नये, बॅटरीचं टर्मिनल उपटावं.

मात्र इंजिन चालू असताना टर्मिनल कधीही काढू नये. नवीन पोरांना हे ओरडून सांगावं लागतं. हा डायनामो करंट आवरतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज धरून ठेवण्याचं काम बॅटरीचं. बॅटरी वाटेतून गेली की तो तेवढाच करंट कुठूनतरी ढकलायला बघतो आणि व्होल्टेज उसळतं. एका ऑस्टिन सेव्हनच्या बॅटरीची अर्थची केबल स्पीडब्रेकरवर निसटली. रात्रीची वेळ, दिवे चालू. मालक सांगत होते, क्षणभर रस्ता दिवसासारखा उजळला आणि मग सगळंच गेलं: दोन्ही हेडलाइट, मागचा, डॅशबोर्डचा. एकही बल्ब शिल्लक राहिला नाही. फोर्डनं यासाठी एक साधी सूचना दिलेली: बॅटरीशिवाय गाडी चालवायचीच असेल तर डायनामोचं टर्मिनल वायर लावून बॉडीला जोडा. ऐकून वाटतं शॉर्ट करून जाळायचा सल्ला देतायत. पण शॉर्ट केल्यावर फील्डला व्होल्टेजच मिळत नाही, डायनामो मुकाट्यानं रिकामा फिरतो. पोरांना हे वर्कशॉपमध्ये करून दाखवलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

तीन ब्रशांचा जमाना संपवला तो खर्चानं. १९३०नंतर गाडीत रेडिओ यायला लागला. वाल्वचा रेडिओ, एकटाच सहा-सात अँपिअर घेणारा, आणि गाडी उभी असतानाही ऐकायचा. थंड देशांत हीटरचा पंखा आला, दिवे आणखी मोठे झाले. कधी दोन अँपिअर खर्च, कधी पंचवीस. एवढी तफावत एका अडकवून ठेवलेल्या ब्रशाला झेपणारी नव्हती. दशकाच्या मध्यापासून इंग्लंडात आणि अमेरिकेत व्होल्टेज रेग्युलेटर रुळत गेला. तो बॅटरीलाच विचारतो. बॅटरी रिकामी असेल तर तिचं व्होल्टेज खाली, फील्ड पूर्ण चालू. भरत आली की व्होल्टेज चढतं, कॉन्टॅक्ट उघडझाप करून फील्ड आवळतो, काटा आपोआप शून्याकडे येतो. पुढे १९६०च्या व्हॅलियंटपासून क्रायस्लरनं ऑल्टरनेटर नेहमीच्या गाड्यांत आणला. तो इंजिन आयडलला असतानाही चार्जिंग करतो, आणि त्याच्यातले डायोड उलटा करंट अडवतात, म्हणून कटाऊटचं दारही गेलं. वरातीला लागणारी वस्तू खरं तर हीच होती.

म्हणून आज पुष्कळ मालक विचारतात, डायनामोच्या खोळीत ऑल्टरनेटर लपवून देता का? किंवा कटाऊटच्या जुन्या डब्यात इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवून देता का? दुसरं मी करतो. तिसरा ब्रश काढून फील्ड बाहेर घ्यायचं, डब्याचं झाकण तेच, आत नवीन सर्किट; बाहेरून कुणाला कळत नाही आणि गाडी रोज वापरायची असेल तर ते शहाणपणाचं आहे. फक्त आधी अर्थ कुठला ते बघावं. मॉडेल ए आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. आजच्या सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावलं की सर्किट धूर सोडतं. पहिलं मी करत नाही. त्यात काही पाप आहे असं नाही, पण मग गाडीत बघण्यासारखं जे थोडं उरलंय त्यातलं एक जातं. हे माझं मत झालं. गाडी ज्याची, निर्णय त्याचा. पुण्यात ते करून देणारे हात पुष्कळ आहेत.

एलईडीची नवी भानगड मात्र मला आवडते, कारण तिनं जुना हिशोब उलटा केला. सहा व्होल्टचे एलईडी बल्ब आता मागवता येतात. एका हौशी मालकानं आपल्या शेवरोलेला सगळीकडे तेच लावले. उजेड दुप्पट, खर्च आठ अँपिअरवरून दीडवर. रात्री बॅटरी बसायची ती तक्रार त्यांच्या मते कायमची मिटली. पावसाळा संपता संपता ते परत आले. बॅटरी कोरडी, अॅसिडचा वास.

मी म्हटलं, ‘दिव्याचा खर्च गेला, पण डायनामो तेवढाच ओततोय. आता रात्रही तुमच्या गाडीला दिवसासारखीच.’

‘मग ब्रश कमी करा.’

केला. शेवटपर्यंत मागे घेतला. तिथंही तो पाच-सहा देतच होता. त्याच्या खाली ब्रश जात नाही, आणि इग्निशनचे तीन वजा केले तरी दोन-तीन बॅटरीत जातात. गावातल्या फेऱ्यांना चालेल, म्हटलं, पण तुम्ही लोणावळ्याला जाता.

‘तुम्ही त्या सरांना दिवसा हेडलाइट लावायला सांगितलं होतं ना? मीही लावतो.’

‘लावा की. पण तुमचे हेडलाइट आता काही खातच नाहीत.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग गाडीच्या डिकीतून जुन्या बल्बांची पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. टाकून दिले नव्हते, हे बरं झालं. हेडलाइटला आम्ही पुन्हा तेच लावले, मागच्या दिव्यांना एलईडी ठेवले, कारण मागून येणाऱ्याला गाडी दिसणं महत्त्वाचं. आणि ब्रश एका खुणेनं पुढे घेतला.